पाचवीच्या आधी, बारशाच्या आत

जून महिना आला की शाळेची यादी खिशात घालून बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकात जायचं, हा आमचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. पुस्तकं, वह्या, नकाशे, तक्ते सगळं एका फेरीत होतं. मागच्या खेपेला यादीत प्रयोगशाळेसाठी गाळण कागदाची दोन पाकिटं होती. ओळखीच्या दुकानदार काकांनी पाकीट समोर ठेवलं आणि विचारलं, "सर, बाळाच्या टाचेचं रक्त टिपून घेतात, तो हाच का कागद?"

जातकुळी तीच, पण तो कागद वेगळा, असं आम्ही म्हटलं. मग काकांनी जे सांगितलं ते ऐकताना यादी बाजूलाच राहिली. त्यांच्या नातीच्या जन्मानंतर तिसऱ्या दिवशी तिच्या टाचेला टोचून कागदावर रक्ताचे चार-पाच ठिपके घेतले होते. घरात त्यावरून कुरबुर झाली. "अजून पाचवी पुजली नाही, आणि एवढ्याशा जिवाचं रक्त कशाला काढायचं?" असं आजींचं म्हणणं. पण सूनबाई ठाम होत्या. त्याला कारण होतं या नातीचा मोठा भाऊ. तो आम्हाला चांगला माहीत होता. आमच्याच शाळेत तिसरीत आहे.

वर्गात सगळ्यांत बुटका, बोलायला संथ, हाक मारली की क्षणभर थांबून मान वळवणारा मुलगा. तो पहिलीत असताना वर्षभर आम्ही त्याला आळशी समजत होतो, आणि एकदोनदा तसं बोलूनही गेलो. त्याच्या शरीरात थायरॉइडचं संप्रेरक जवळजवळ तयारच होत नाही, हे तो सव्वादोन वर्षांचा असताना कळलं होतं. तेव्हापासून त्याला रोज गोळी चालू होती. प्रवेशअर्जात हे लिहायला रकाना नव्हता, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

भावाचं दुखणं सव्वादोन वर्षांनी कळलं आणि बहिणीचं नवव्या दिवशी. या दोन तारखांमधलं अंतर किती मोठं आहे आणि ते एका कागदाच्या ठिपक्याने कसं भरून निघतं, ते आपण पाहू या.

फार गुणी बाळ

काका सांगत होते, "नातू झाला तेव्हा जो तो म्हणायचा, काय गुणी बाळ आहे! रडत नाही, रात्री जागवत नाही, दुधासाठी आकांत नाही. उठवून पाजायला लागायचं." महिना झाला तरी कावीळ उतरली नाही. शी तीन-तीन दिवस होत नसे. बेंबी फुगलेली होती, जीभ जरा बाहेर असायची, रडणं घोगरं होतं. प्रत्येक गोष्टीला घरात, आणि एका दवाखान्यातही, काहीतरी समजूत तयार होती. कावीळ बाळांना होतेच. बेंबी आपोआप बसते. मुलगे उशिराच बोलतात. अशा समजुतींवर दोन वर्षं गेली.

ही सगळी लक्षणं एकत्र मांडली की कोणताही डॉक्टर चटकन सांगेल, बाळाची अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉइड, काम करत नाही. पण ती एकत्र मांडली जातात तेव्हा वेळ निघून गेलेली असते. जन्मतः तर बहुतेक बाळांमध्ये यातलं काहीच दिसत नाही. वजन चांगलं, रंग चांगला, सगळं व्यवस्थित. असं का होतं?

कारण बाळ नऊ महिने एकटं नसतं. आईच्या रक्तातलं थायरॉक्सिन थोड्या प्रमाणात वारेतून बाळाकडे जातं. पूर्वी हे कोणी मानत नसे. १९८९ साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी एक निबंध प्रसिद्ध केला. ज्यांच्या ग्रंथीला आनुवंशिक दोषामुळे थायरॉक्सिन बनवताच येत नाही, अशा २५ बाळांच्या नाळेतलं रक्त त्यांनी तपासलं होतं. त्यात थायरॉक्सिन सापडलं, नेहमीच्या पातळीच्या साधारण पाव ते निम्मं. बाळ ते बनवू शकत नव्हतं, तेव्हा ते आईचंच असणार. ही शिदोरी जन्मानंतर काही दिवसांतच संपते. म्हणजे बाळ ठणठणीत दिसतं तेव्हाच आतून तुटवडा सुरू झालेला असतो.

तुटवडा सर्वांत जास्त भोवतो तो मेंदूला. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूतल्या पेशींचे धागे एकमेकांना जोडले जात असतात, त्यांच्यावर आवरण चढत असतं. थायरॉक्सिन नसेल तर हे काम रेंगाळतं, आणि मागाहून ते भरून काढता येत नाही. पुढे गोळी दिली तर उंची वाढते, त्वचा सुधारते, बद्धकोष्ठता जाते, पण मेंदूचं झालेलं नुकसान पुरतं भरून येत नाही. नवजात बाळांची तपासणी सुरू होण्याच्या आधीच्या काळात, १९७२ साली, अमेरिकेत अशा मुलांच्या बुद्ध्यंकांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांच्या आत उपचार सुरू झालेल्यांची सरासरी सुमारे ८९ होती. तीन ते सहा महिन्यांत सुरू झालेल्यांची ७० च्या आसपास. सहा महिन्यांनंतरची ५४. बुद्ध्यंक मोजण्याच्या पद्धतीबद्दल आपले कितीही मतभेद असोत, ही घसरण डोळ्यांआड करता येत नाही. गोळी तीच आणि दुखणंही तेच होतं. फरक होता तो फक्त महिन्यांचा.

बाइंडिंगखाना आणि मागणीच्या चिठ्ठ्या

ग्रंथीत नेमकं काय बिघडतं हे काकांना सांगताना आम्हाला त्यांच्याच धंद्याचा उपयोग झाला. दुकानामागे त्यांचा छोटा बाइंडिंगखाना होता. कागद आत येतो, छापलेल्या फर्म्यांना घड्या पडतात, शिलाई होते, पुठ्ठा चढतो, कडा कापल्या जातात आणि पुस्तक बाहेर पडतं. यातलं एक काम अडलं तरी पुस्तक होत नाही, मग बाकीचे कारागीर कितीही हुशार असोत.

थायरॉइड ग्रंथीचं असंच आहे. तिचा कागद म्हणजे आयोडीन. रक्तात ते अगदी थोडं असतं, म्हणून ग्रंथीच्या पेशींवर ते ओढून आत घेणारा एक पंप असतो. आत थायरोग्लोब्युलिन नावाचं मोठं प्रथिन तयार असतं. त्याच्यावर आयोडीनचे अणू टाचले जातात. हे टाचणारं शिलाई यंत्र म्हणजे पेरॉक्सिडेज हे विकर. यंत्राला वीज लागते, तसं या विकराला हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं आणि ते तयार करणारी वेगळी यंत्रणा असते. टाचलेले तुकडे जोडले की थायरॉक्सिन बनतं. त्यात आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून त्याला टी-४ म्हणतात. शेवटी ते प्रथिनापासून कापून रक्तात सोडलं जातं. उरलेल्या तुकड्यांतलं आयोडीन वाया न घालवता परत वापरलं जातं, जशी बाइंडिंगमधली कात्रणं रद्दीत परत जातात.

माल किती बनवायचा हे कारखाना ठरवत नाही, ते दुकानदार ठरवतो. आपल्या मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी हा दुकानदार. रक्तातलं टी-४ कमी झालं की ती टीएसएच नावाचं संप्रेरक सोडते. ही मागणीची चिठ्ठी. माल पोचला की चिठ्ठ्या थांबतात. नाहीच पोचला तर चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या जातात. जूनमध्ये एखादं पाठ्यपुस्तक मिळेनासं झालं की काकांच्या टेबलावर हेच चित्र असतं, हे त्यांनीच हसत सांगितलं.

नवजात बाळाच्या तपासणीत आपण बहुधा या चिठ्ठ्याच मोजतो. टी-४ किती कमी झालं हे पाहण्यापेक्षा टीएसएच किती वाढलं हे पाहणं सोपं. थायरॉइड जरा कमी पडली तरी टीएसएच दुप्पट-तिप्पट होतं, आणि ग्रंथी बंदच असेल तर ते शंभर एककांच्याही वर जातं.

आता दोष कुठे कुठे असू शकतात? सुमारे ८५ टक्के बाळांत कारखानाच नीट उभा राहिलेला नसतो. गर्भात ही ग्रंथी जिभेच्या मुळाशी तयार होऊन गळ्यात खाली उतरते. कधी ती तयारच होत नाही, कधी अर्ध्या वाटेत अडकते, कधी फार लहान राहते. हे बहुतेक वेळा आपसूक घडतं. आईबापांकडून आलेलं नसतं, आणि पुढच्या मुलात पुन्हा घडण्याची शक्यता कमी असते. उरलेल्यांपैकी बऱ्याच बाळांत कारखाना जागेवर असतो, पण आतला एक कारागीर कामाचा नसतो. हा खरा आनुवंशिक प्रकार. पंपाचं जनुक बिघडलेलं असेल, पेरॉक्सिडेजचं असेल (हे जास्त वेळा आढळतं), थायरोग्लोब्युलिनचं असेल किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड बनवणाऱ्या यंत्रणेचं. चिठ्ठ्यांचा मारा चालूच राहतो, म्हणून ग्रंथी कामाला जुंपलेल्या बैलासारखी फुगते. सोनोग्राफीत ती जागेवर आणि मोठी दिसली, आणि टीएसएच भरपूर असलं, की डॉक्टरांना या प्रकाराची शंका येते. काकांच्या दोन्ही नातवंडांत तेच दिसलं.

यातला एक प्रकार शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. १८९६ साली व्हॉन पेंड्रेड या डॉक्टरने दोन बहिणींची नोंद केली. दोघी जन्मतः बहिऱ्या होत्या आणि दोघींना गलगंड होता. पुढे कळलं की आयोडीन पुढे सरकवणारं एकच प्रथिन ग्रंथीत आणि अंतर्कर्णातही लागतं. एका जनुकाच्या बिघाडाने दोन्ही ठिकाणी परिणाम होतो. ज्या मुलाला नीट ऐकू येत नाही त्याचा गळाही बघावा, आणि थायरॉइडच्या मुलाचे कानही तपासावेत, ते यासाठी.

कागदावरचा ठिपका

आता त्या कागदाकडे येऊ. अमेरिकेतल्या बफेलो इथे रॉबर्ट गथ्री नावाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. त्यांचा मुलगा मतिमंद होता. त्यांच्या भाचीला फिनाइलकीटोन्युरिया हा चयापचयाचा आनुवंशिक रोग असल्याचं उशिरा कळलं. या रोगासाठी नवजात बाळाच्या टाचेच्या रक्ताचा ठिपका कागदावर वाळवून तपासायची पद्धत त्यांनी काढली आणि १९६३ साली ती प्रसिद्ध झाली. बाटली नको, बर्फ नको, कार्ड पाकिटात घालून पोस्टाने पाठवता येतं, ही त्यातली गंमत. दहा-बारा वर्षांतच कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात जाँ द्युसो यांनी त्याच ठिपक्यातून थायरॉक्सिन मोजून दाखवलं, आणि १९७४ साली तिथे सगळ्या बाळांची तपासणी सुरू झाली. जगभर आज चालू असलेल्या तपासण्या या दोन कामांवर उभ्या आहेत.

कार्डावरचा कागद शुद्ध कापसाच्या लगद्याचा, ठरावीक जाडीचा आणि ठरावीक शोषणक्षमतेचा असतो. ठिपक्यातून ३.२ मिलिमीटर व्यासाची टिकली पंचने कापतात. तिच्यात साधारण तीन मायक्रोलिटर रक्त असतं असं धरून पुढचा हिशेब होतो. कागद कमीजास्त शोषणारा असला, किंवा एकावर एक दोन थेंब पडले, तर हा हिशेब चुकतो.

हे वर्गात करून पाहता येतं. साध्या गाळण कागदावर पेन्सिलने रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान वर्तुळं काढा. एकात ड्रॉपरने लाल शाईचा एकच मोठा थेंब टाका. दुसऱ्यात एक थेंब वाळला की त्याच्यावर दुसरा टाका. तिसऱ्यात लहान थेंब टाकून बोटाने पसरवा. वाळल्यावर ऑफिसातल्या पंचने प्रत्येकातून एक टिकली कापा, तीन परीक्षानळ्यांत सारखंच पाणी घेऊन एकेक टिकली भिजवा आणि रंग ताडून पाहा. टाचेला टोचणाऱ्या परिचारिकेला "थेंब एकदाच, दाबायचं नाही, आडवं ठेवून तीन-चार तास सावलीत वाळवायचं" असं का बजावलेलं असतं, ते मुलांना न सांगता कळतं. पुण्याच्या जुलैच्या दमट हवेत हे वाळवणं किती चिवट काम असतं तेही कळेल.

कधी टोचायचं?

तपासणीची खरी अडचण कागदात नाही, ती दिवसांत आहे. गर्भाच्या उबेतून बाहेरच्या थंडीत आल्यावर बाळाच्या शरीरात टीएसएचचा लोंढा येतो. जन्मानंतर अर्ध्या तासात ते ६० ते ८० एककांपर्यंत चढतं आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत उतरतं. पहिल्याच दिवशी रक्त घेतलं तर निरोगी बाळंही आजारी ठरतील. म्हणून उत्तम वेळ ४८ ते ७२ तासांची. पाचवी पुजायच्या आधीची.

आणि उपचार दोन आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवेत. बारसं बाराव्या दिवशी. म्हणजे ठिपका पाचवीच्या आधी, निदान आणि पहिली गोळी बारशाच्या आत, असं हे वेळापत्रक बसतं. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते अशी आपल्याकडची समजूत आहे. त्याच दोन-तीन दिवसांत प्रयोगशाळेत कार्ड पोचलेलं असतं, एवढंच आम्ही आजींना म्हणालो. त्या हसल्या.

पण आपल्याकडे साधी बाळंतीण दुसऱ्याच दिवशी घरी जाते. मग काय करायचं? काही रुग्णालयं जन्माच्या वेळी नाळेतलंच रक्त घेतात. लोंढा यायच्या आधीचं ते रक्त असतं, म्हणून चालतं. काही ठिकाणी २४ तासांनंतर घेतात आणि मर्यादा वर सरकवतात. भारतातल्या बालसंप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार ४८ तासांनंतरच्या रक्तात टीएसएच २० एककांच्या वर असेल, किंवा २४ ते ४८ तासांमधल्या रक्तात ३४ च्या वर असेल, तर बाळाला परत बोलवायचं. ४० च्या वर गेलं तर वाट न पाहता लगेच शिरेतलं रक्त घेऊन खात्री करायची. अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांची तपासणी दोन आठवड्यांनी पुन्हा करायची, कारण त्यांची पीयूषिका चिठ्ठ्या लिहायला उशिरा शिकते. हे आकडे रक्तद्रवाच्या मापात आहेत. वाळलेल्या ठिपक्यातलं रीडिंग अख्ख्या रक्ताचं असतं आणि ते साधारण निम्मं येतं. कुठल्या मापात अहवाल आहे हे न बघता आकडे ताडले की घोटाळा होतो.

चाळणी म्हणजे निदान नव्हे. धान्य चाळताना भोकं मोठी असतील तर खडे निसटतात, फार बारीक असतील तर चांगलं धान्यही वर अडकतं. इथे खडा निसटणं फार महाग पडतं, म्हणून भोकं जरा बारीक ठेवतात आणि परत बोलावलेल्या बाळांपैकी बरीच निरोगी निघतात. हे पालकांना आधीच सांगून ठेवलं नाही तर फोन आल्यावर घरात रडारड होते.

टीएसएचच्या चाळणीतून निसटणारी बाळंही आहेत. दुकानदारच झोपला असेल, म्हणजे पीयूषिकेतच दोष असेल, तर टी-४ कमी असूनही चिठ्ठ्या जात नाहीत. हे टीएसएच मोजून कळत नाही, टी-४ मोजायला लागतं. उलट प्रकारही आहे. दुकान मालाने भरलेलं, पण दुकानदाराला तो दिसतच नाही, म्हणून मागणी चालूच. थायरॉइड संप्रेरकाला दाद न देण्याचा हा आनुवंशिक रोग, आणि त्यात टी-४ आणि टीएसएच यांची जोडी विचित्र दिसते. आणखी एक फसवी अवस्था म्हणजे रक्तात टी-४ वाहून नेणारं प्रथिनच आनुवंशिकतेने कमी असणं. एकूण टी-४ कमी दिसतं, पण बाळ ठणठणीत असतं. त्याला औषध द्यायचं नसतं. म्हणून कागदावरचा एक आकडा बघून कोणी गोळी सुरू करू नये आणि कोणी बंदही करू नये.

आपल्याकडे

भारतात हे काम आधी मुंबईत झालं. तिथल्या वाडिया बाल रुग्णालयातल्या डॉ. मीना देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात बाळांच्या तपासणीचा निबंध १९८७ साली प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच विकसनशील देशातल्या अडचणी आणि त्यांवरचे मार्ग असा उल्लेख आहे. त्यांच्या तपासणीत सुमारे अडीच हजार बाळांमागे एक असं प्रमाण आलं. पाश्चात्त्य देशांत तेव्हा चार हजारांत एक मानत. पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने पाच केंद्रांवर १,०४,०६६ बाळं तपासली. २०१८ साली प्रसिद्ध झालेला आकडा होता ११३० बाळांमागे एक. भोकं बारीक केली की सौम्य आणि तात्पुरते प्रकारही सापडतात, हे दोन आकडे ताडताना ध्यानात ठेवावं. तरीही वर्षाला दहा हजार बाळंतपणं होणाऱ्या शहरात नऊ बाळं, म्हणजे हा काही दुर्मिळ रोग नव्हे.

गोव्याने २००८ साली सरकारी पातळीवर नवजात तपासणी सुरू केली. देशभर प्रत्येक बाळाला ही तपासणी सक्तीची मात्र आजही नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या रोगांच्या यादीत जन्मजात थायरॉइड न्यूनता आहे. याच कार्यक्रमाची पथकं आपल्या शाळांत आणि अंगणवाड्यांत येतात. पथक आलं की आपण वजन-उंचीच्या रांगा लावतो आणि मोकळे होतो. वर्गात बुटकं, सुस्त, थंडी न सोसणारं, कोरड्या त्वचेचं मूल असेल तर ते पथकाच्या डॉक्टरांना वेगळं दाखवायला हवं, आणि त्याला धाकटं भावंड आहे का, घरी कोणाला दिवस गेले आहेत का, हेही विचारायला हवं.

आपल्याकडची आणखी एक अडचण कुठल्याही परदेशी पुस्तकात मिळणार नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. कार्डावर पत्ता सासरचा, मोबाइल नवऱ्याचा, आणि बाळ तिसऱ्याच गावी. प्रयोगशाळेचा फोन जातो, "चुकीचा नंबर" म्हणून ठेवला जातो. तेव्हा कार्डावर बाळ पुढचे पंधरा दिवस जिथे असेल तिथला पत्ता आणि बाळाच्या आजीचा किंवा मामाचा नंबरही घालायला सांगावं.

दोन नाणी

काकांचा मुलगा आणि सूनबाई मामे-आते भावंडं. आपल्याकडे अनेक समाजांत मामाची मुलगी करण्याची रीत आहे, आणि तिच्याबद्दल बोलताना एकतर आपण गप्प बसतो किंवा उपदेश करतो. त्यापेक्षा हिशेब करावा.

ग्रंथीच्या कारागिरांचे दोष बहुतेक अप्रभावी असतात. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक चांगली असली तर काम चालतं. अशी एक सदोष प्रत असलेला माणूस पूर्ण निरोगी असतो, त्याला ती कळतही नाही. आई आणि बाप दोघांकडे सदोष प्रत असेल, तर प्रत्येक बाळाला दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता चारात एक. वर्गात दोन नाणी एकदम उडवा, दोन्हींवर छापा आला तर बाळाला रोग. चाळीस वेळा उडवून नोंदी ठेवा. लागोपाठ दोनदा छापा-छापा येतो, कधी दहा वेळा येतच नाही. "एकाला झालं, आता पुढचे तिघे सुटले" हा समज तिथेच मोडतो. नाण्याला मागचं आठवत नसतं.

आता समजा, आजोबांकडे एक सदोष प्रत होती. ती मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी, नातवाकडे पाव. दुसऱ्या बाजूने मुलीकडून नातीकडेही पाव. दोघांकडे ती असण्याची शक्यता १/१६, आणि त्यांच्या बाळाला रोग होण्याची त्याच्या पाव, म्हणजे १/६४. हाच नातू नात्याबाहेर लग्न करतो, आणि बाहेर शंभरात एकाकडे अशी प्रत असते असं धरलं, तर उत्तर येतं १/१६००. धरलेला आकडा बदलला की उत्तर बदलेल, पण फरकाची जात तीच राहील. अर्थात १/६४ म्हणजे ६३ बाळं निरोगी, हेही त्याच अपूर्णांकात लिहिलेलं आहे. ज्या घरात एक मूल सापडलं, तिथे मात्र हिशेब १/६४ चा राहत नाही, तो सरळ चारात एकाचा होतो. म्हणून सूनबाई ठाम होत्या.

नातीचं कार्ड तिसऱ्या दिवशी गेलं. सहाव्या दिवशी फोन आला. आठव्या दिवशी शिरेतलं रक्त तपासलं, टीएसएच शंभराच्या वर होतं. नवव्या दिवशी गोळी सुरू झाली. जनुकाची तपासणी करायची का, असं घरच्यांनी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की केली तर पुढे उपयोग आहे, पण तिच्यासाठी गोळी एक दिवसही थांबवायची नाही. आम्हाला हे पटलं. कोणता कारागीर बिघडला हे कळलं नाही तरी माल बाहेरून आणता येतो.

मात्रा दर किलो वजनाला १० ते १५ मायक्रोग्रॅम. तीन किलोच्या बाळाला ३० ते ४५. गोळी चुरून आईच्या दुधात किंवा चमचाभर पाण्यात द्यायची. लोह आणि कॅल्शियमची औषधं तिच्यासोबत द्यायची नाहीत, ती गोळीचं शोषण अडवतात. रोजचा खर्च कपभर चहाहून कमी. पहिल्या वर्षी वरचेवर रक्त तपासून मात्रा वाढवत न्यायची. ज्या बाळांत दोष तात्पुरता असण्याचा संभव असतो, त्यांची गोळी तीन वर्षांनंतर डॉक्टर महिनाभर थांबवून पाहतात. त्याआधी "आता बरा आहे" म्हणून घरच्यांनी ती बंद करणं हे आम्ही ऐकलेलं सर्वांत वाईट धाडस.

नात आता दीड वर्षाची आहे. दुकानात आली की वह्यांचे गठ्ठे ओढते आणि काकांना हिशेब करू देत नाही. तिचा भाऊ तिसरीत आहे. गणितात त्याला वेगळा वेळ द्यावा लागतो, चित्रं मात्र फार बारकाईने काढतो. शाळा सकाळची, त्यामुळे धांदलीत त्याची उपाशीपोटीची गोळी आठवड्यातून एकदोनदा राहायची, हेही आम्हाला त्याच दिवशी दुकानात कळलं. आता त्याच्या दप्तरात एक डबी असते आणि पहिल्या तासाच्या बाई ती विचारतात. या जूनपासून आमच्या प्रवेशअर्जात एक रकाना वाढला आहे : रोज चालू असलेलं औषध.